शिबिरं पुरे, आता वार ठरवा



या समूहात आपण जुन्या घरांच्या, जत्रांच्या, शाळामास्तरांच्या आठवणी लिहितो. मीही लिहिल्या आहेत. आजचं लिखाण मात्र थोडं भांडणाचं आहे. लांबही आहे. वाचून राग आला तर खाली लिहा, प्रत्येकाला उत्तर देईन.

विषय आपल्या भाटांत आणि कुळागरांत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या औषधपाण्याचा आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपुरतंच बोलतो, कारण माझी निम्मी नोकरी इथल्या बँक शाखांत गेली आणि निवृत्तीनंतरही इथेच आहे.

अलीकडे आपल्याच काही मंडळींच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. शेतमजुरांच्या वस्तीपर्यंत जाणारा फिरता दवाखाना या दोन तालुक्यांत नियमित सुरू व्हावा, त्यासाठी आपण सरकारकडे मागणी करावी आणि थोडा खर्चही उचलावा. त्यावर तीन उत्तरं आली. पहिलं, सरकारी दवाखाने फुकट आहेत, त्यांनी तिथे जावं. दुसरं, आपण दरवर्षी शिबिर घेतोच. तिसरं, जरा आवाज खाली आणून दिलेलं, बाहेरच्यांवर आपला पैसा का घालवायचा? तिन्हींचा हिशेब क्रमाने मांडतो.

आधी हे लोक कोण ते बघू. काजूच्या हंगामात डोंगरावर बोंडू वेचणारे. पावसात लावणीला चिखलात उतरणारे. थंडीत मिरची, भाजी, कलिंगडं करणारे. वर्षभर मांगरात राहून माडापोफळींची राखण करणारे. बेळगाव, बागलकोट, गदग, विजापूर ही त्यांची जुनी गावं. आता झारखंड, ओडिशा, नेपाळचेही दिसतात. आपली मुलं पुण्यात, बंगळुरात, दुबईत. घरात कोयता धरणारा हात उरलेला नाही. हे लोक एक हंगाम आले नाहीत तर आपलं अर्धं भाट रान होईल, हे प्रत्येक भाटकाराला ठाऊक आहे.

आता पहिलं उत्तर. गोवा केवढा, दवाखाने किती! पेडण्यात सामूहिक आरोग्य केंद्र, कासारवर्ण्याला प्राथमिक केंद्र. डिचोलीत सामूहिक केंद्र, शिवाय साखळी आणि मये. 108 ची रुग्णवाहिका 2008 पासून आहे. सगळं खरं. देशातल्या कितीतरी जिल्ह्यांपेक्षा आपण सुखी आहोत, हेही खरं.

पण मजुराचं अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, ते रोजात मोजावं लागतं. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, आणि बोंडू वेचायचं कामही सकाळचंच. सात किलोमीटरवरच्या दवाखान्यात जायचं म्हणजे डोंगर उतरा, बस पकडा, रांग लावा, परत या. एक रोज गेला. बायकोला एकटीला पाठवता येत नाही, भाषा येत नाही, म्हणून नवराही गेला. दोन रोज गेले. मग माणूस काय करतो? दुकानातून डोकेदुखीची गोळी घेतो आणि ताप अंगावर काढतो. आपणही तेच केलं असतं.

एक उदाहरण देतो. तीन वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यात एका ओळखीच्या भाटात एक जोडपं मांगरात राहत होतं. ती सहाव्या महिन्यात एकदा आरोग्य केंद्रात गेली. तिथे सांगितलं, गरोदर बायकांची तपासणी अमुक वारी असते, त्या वारी ये. त्या वारी काम सुटलं नाही, नंतर ती गेलीच नाही. आठव्या महिन्यात पाय सुजले, चार पावलांत धाप लागायला लागली. भाटकाराच्या सौभाग्यवतींनी मला फोन केला, कारण गाडी माझ्याकडे होती. इस्पितळात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. रक्त चढवावं लागलं. बाई वाचली, मूल जगलं, वजन दोन किलोच्या आत. त्या इस्पितळातल्या डॉक्टर-नर्सबाईंनी जे केलं त्याला तोड नाही. पण जी गोष्ट लोहाच्या गोळ्यांनी वेळेवर टळली असती, ती रक्ताच्या बाटल्यांवर गेली. या गोळ्या गरोदरपणात 180 दिवस घ्यायच्या असतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या तिच्यापर्यंत नेणारं कुणी नव्हतं, एवढीच अडचण.

मे महिन्यात ती मंडळी गावी गेली. पावसाआधी मांगर शाकारताना भाटकाराला वाशात खोचलेलं बाळाचं लसीकरणाचं कार्ड सापडलं. म्हणजे गावच्या नर्सला कळायला मार्ग नाही की बाळाला कुठली लस मिळाली आणि कुठली राहिली.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. देशभर खेड्यापाड्यांत 2005 पासून ‘आशा’ कार्यकर्त्या घरोघरी फिरतात. गरोदर बाई कोण, बाळ कुणाचं, लस कुणाची राहिली, हे त्यांच्या वहीत असतं. गोव्यात ही योजना राबवलीच गेली नाही. आपल्याकडे नर्स आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, त्या कष्टही करतात. पण डोंगरावरच्या मांगरात चार महिन्यांसाठी आलेलं कुटुंब कुणाच्या वहीत? कुणाच्याच नाही. तेव्हा ‘त्यांनी दवाखान्यात जावं’ हे सांगायला सोपं, पण त्यांना ‘चला’ म्हणणारं माणूसच आपण ठेवलेलं नाही.

दुसरं उत्तर शिबिराचं. शिबिरांवर माझा राग जुना आहे. मांडव, फलक, पाहुणे, श्रीफळ, दीपप्रज्वलन, भाषणं. मग रक्तदाब बघायचा, साखर बघायची, पाच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, फोटो काढायचा. ज्याचा रक्तदाब वाढलेला निघाला त्याला सहाव्या दिवशी गोळी कोण देणार? क्षयाचा संशय आला त्याची थुंकी तपासून निकाल कोण पोचवणार? क्षयाचं नेहमीचं औषध सहा महिने चालतं, काजूचा हंगाम जेमतेम चार महिने. या दोन आकड्यांची वजाबाकी कुठल्याही शिबिरात होत नाही. औषध अर्धवट सुटलं की तोच क्षय पुढे औषधांना दाद देत नाही, हे आता शाळेतलं पोरही सांगेल.

मी बँकेतला माणूस, म्हणून बँकेचं उदाहरण देतो. पिग्मी ठेव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 1928 साली टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने ती सुरू केली. रोज दोन आणे, आणि ते घ्यायला एजंट दारात. गरीब माणूस दोन आणे भरायला काम सोडून बँकेत येणार नाही, हे त्यांना कळलं होतं. मी शाखेत होतो तेव्हा आमचा पिग्मी एजंट रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या झोपडीत जायचा. पाऊस असो, ऊन असो. लोक त्याच्या सायकलच्या घंटीवर पैसे काढून ठेवायचे. त्यातून हॉटेलातल्या पोऱ्यांनी, मासेवाल्या बायांनी पुंजी जमवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आता विचार करा, तोच एजंट वर्षातून एकदा वाजतगाजत आला असता तर किती पैसे जमले असते?

पिग्मीचं गुपित रकमेत नव्हतं, ते नेमात होतं. फिरत्या दवाखान्याचंही तेच. गाडी केवढी, वातानुकूलित आहे की नाही, तिच्यावर कुणाचं चित्र आहे, याला महत्त्व नाही. ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येते का, याला महत्त्व आहे. वेळही संध्याकाळची हवी, काम सुटल्यावर. नाहीतर बाजाराच्या दिवशी बाजाराजवळ, डिचोलीला बुधवारी, पेडण्याला गुरुवारी. डाळतांदूळ घ्यायला माणूस येतोच, तिथेच औषध घेईल.

दुसरी गोष्ट पासबुकाची. मी नोकरीला लागलो तेव्हा खातं शाखेचं असायचं. डिचोलीचं खातं डिचोलीत, म्हापशाला पैसे मिळायचे नाहीत. पुढे संगणक आले, शाखा जोडल्या गेल्या आणि खातं माणसाचं झालं. आज मजूर इथल्या यंत्रातून पैसे काढतो आणि गावी बायको मोबाइलवर बघते. त्याचा पैसा त्याच्याबरोबर फिरतो, मग त्याच्या आजाराची नोंद का फिरू नये? त्याचं रक्त, त्याच्या बायकोचं गरोदरपण, पोराच्या लसी अजून ‘शाखेत’ अडकलेल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाला एक जाड पुठ्ठ्याची वही द्या, कन्नड आणि हिंदीत छापलेली. सरकारी आरोग्य क्रमांक असेल तर तोही तिच्यात लिहा. पण वही हातात द्या, कारण रिचार्ज संपलेल्या फोनमध्ये काहीच दिसत नाही.

आता तिसरं उत्तर, बाहेरच्यांचं. यावर मला जास्त बोलायचं आहे.

1986 च्या सुमारास पणजीत मलेरियाची साथ आली ती अनेकांना आठवत असेल. त्यानंतर गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकामावरच्या मजुरांचं रक्त तपासून त्यांना आरोग्य कार्ड देण्याची पद्धत आली. मलेरिया आटोक्यात यायला तिचा उपयोग झाला, हे मान्य. पण त्या कार्डाचा हेतू बघा. मजुराच्या अंगातला मलेरिया आपल्या घरात येऊ नये, म्हणून ते कार्ड. म्हणजे त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायला आपल्याला त्याची वस्ती सापडते. मग त्याच बोटाच्या मालकिणीला लोहाची गोळी द्यायला वस्ती कशी सापडत नाही?

पोलिओचंही तसंच. वीटभट्ट्या, बांधकामं, उसाच्या टोळ्या, रेल्वे फलाट, सगळीकडे थेंब देणारी माणसं पोचली. कुणी आधार कार्ड मागितलं नाही, ‘तू कुठला’ म्हणून विचारलं नाही. 2011 च्या जानेवारीनंतर देशात मूळ (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही. ठरवलं की जमतं, हे आपण करून दाखवलेलं आहे.

स्वार्थाने बघायचं तर तसंही बघा. 2015 साली शेजारच्या सत्तरीत, पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले. पुढे आपल्या सीमेपलीकडे दोडामार्ग-बांदा भागातही सापडले. हा आजार रानातल्या गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम अन् काजूचा हंगाम एकच. एकदम चढणारा ताप, डोकं फुटेल असं दुखणं. त्यावर नेमकं औषध नाही, लवकर ओळखून सांभाळणं हाच उपाय. डोंगरावर बोंडू वेचणाऱ्याला ताप आला तर ते पहिल्या दोन दिवसांत कुणाला तरी कळायला हवं. पावसात लावणीला लेप्टोचा ताप असतो, त्यावर वेळेत घेतलेल्या साध्या स्वस्त गोळ्या जीव वाचवतात. सापाचं तर विचारूच नका. 2000 ते 2019 या काळात देशात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक खेड्यातली. कुठल्या केंद्रात लस मिळते, दंशावर दोरी आवळू नये, 108 ला फोन करून जागा कशी सांगायची, एवढं कन्नडमध्ये समजावलं तरी माणूस वाचेल.

कायदा काय म्हणतो? 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदाराने मजुरांना मोफत वैद्यकीय सोय द्यावी असं त्यात लिहिलेलं होतं, पण पाच किंवा अधिक मजूर असतील तिथेच तो लागू. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी संहिता आली, तिने आंतरराज्य कामगारांसाठी हा आकडा पाचावरून दहावर नेला. आपल्या भाटांत किती असतात? दोन, तीन, फार तर चार. जुन्या कायद्यातूनही सुटले, नव्यातूनही सुटले. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. केंद्राचं आयुष्मान कार्ड राज्याबाहेर चालतं, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. दाखल व्हायची पाळी येऊ नये म्हणून जी गोळी घ्यायची, ती त्यात येत नाही. अशी चारही बाजूंनी गाळणी लावून हा माणूस बरोबर मधून खाली पडतो. काजूला सरकारची आधारभूत किंमत आहे, आणि काजू वेचणाऱ्या हाताला कसलाच आधार नाही.

‘पण पैसा आपला ना?’ मंडळी, तेलापासून फोनच्या रिचार्जपर्यंत जो कर आपण भरतो तो हेही भरतात. आणि एक आठवण करून देतो. 2018 च्या सुरुवातीला बांबोळीच्या इस्पितळात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं. तेव्हा दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथले आपले नातेवाईक किती चिडले होते! दोडामार्गला आंदोलन झालं. ‘आमची बाजारहाट गोव्यात, सोयरीक गोव्यात, आणि आजारपणात आम्ही परके?’ असं तिकडचे पाहुणे मला फोनवर म्हणत होते. मला ते पटलं होतं. मग तोच प्रश्न गदगच्या माणसाने विचारला तर उत्तर वेगळं कसं देणार? त्याने तर घाम आपल्याच मातीत गाळलेला आहे.

त्याहून मागे जा. आपले आजे-पणजे पेडण्याहून, डिचोलीहून, सावंतवाडीहून मुंबईला गेले ते काय पाहुणे म्हणून? गिरणीत, छापखान्यात, पेढ्यांवर कामाला गेले. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपले. आजारी पडले तेव्हा परळच्या केईएममध्ये गेले, जे 1926 साली गिरणगावाच्या ऐन मध्यावर सुरू झालं. आपण सगळे या ना त्या पिढीतले चाकरमानी आहोत. फक्त आपण घर बांधून स्थिर झालो आणि ‘घाटी’ हा शब्द दुसऱ्याला वापरायला शिकलो.

इतरांनी काय केलं तेही बघा. अमेरिकेत 1962 साली केनेडींच्या सहीने स्थलांतरित शेतमजुरांच्या दवाखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. केरळात एर्नाकुलम भागात ‘बंधू क्लिनिक’ नावाची गाडी परप्रांतीय कामगारांच्या वस्तीवर जाते. केरळचे लोक काही आपल्यापेक्षा उदार मनाचे जन्माला आले नाहीत. बाहेरच्या हातांवर आपला संसार चालतो, हे त्यांनी कबूल केलं, एवढाच फरक.

आता व्यवहार. केंद्राच्या आरोग्य अभियानाचा फिरत्या दवाखान्यांचा ढोबळ निकष दहा लाख लोकसंख्येला एक गाडी असा आहे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14,58,545. म्हणजे या निकषाने गोव्याला दीडच गाडी! पेडणे 75,747 आणि डिचोली 97,955, दोन्ही मिळून पावणेदोन लाखही नाहीत. तेव्हा निकषाची वाट बघत बसलो तर आपल्या वाट्याला गाडीचं एक चाकही यायचं नाही. राज्याला स्वतः ठरवावं लागेल, आणि आपल्याला ते मागावं लागेल.

माझी मागणी साधी आहे. दोन्ही तालुक्यांसाठी मिळून एक गाडी. एक डॉक्टर, एक नर्स, एक रक्त-थुंकी तपासणारा, एक चालक, आणि कन्नड-हिंदी बोलणारी, शक्यतो त्याच वस्तीतली एक बाई. रविवार सोडला तर पंधरवड्यात बारा संध्याकाळी होतात. पेडण्यात सहा थांबे, डिचोलीत सहा. प्रत्येक थांब्यावर पंधरा दिवसांनी तोच वार, तीच वेळ. गाडीतली नोंद जवळच्या आरोग्य केंद्राच्या वहीत चढलीच पाहिजे, म्हणजे गाडी गेल्यावर माणूस वाऱ्यावर पडणार नाही. आणि माणूस गावी निघाला की वही त्याच्याबरोबर.

खर्चाचा मोठा भाग सरकारचा. पण भाटकारांनी काजूच्या किलोमागे एक रुपया बाजूला काढावा, असं मी म्हणतो. याला दान म्हणू नका. पंपाला तेल घालतो, माडाला खत घालतो, तो खर्च आपण उत्पादनात धरतोच. माणसाच्या अंगाचा खर्च तेवढा ‘धर्मादाय’ खात्यात का टाकायचा? कुठलाही ऑडिटर ही नोंद चुकीची ठरवेल.

शेवटी एक काम सांगतो. आपल्याकडे ‘गरज सरो, वैद्य मरो’ म्हणतात. इथे वैद्य यायच्या आधीच आपली गरज सरते आणि कामगार गाडीत बसून निघून जातो. पुढचा हंगाम लागायच्या आत हे व्हायला हवं. ज्यांच्या भाटात, मळ्यात, कुळागरात बाहेरचे कामगार राहतात, त्यांनी खाली फक्त गाव आणि आकडे लिहावेत: मोठी माणसं किती, पोरं किती, गरोदर बाया किती. कुणाचं नाव नको, फोन नंबर नको. मी गाववार तक्ता करून दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांना आणि आपल्या आमदारांना नेऊन देतो. बँकेत तीस वर्षं तक्तेच केले, त्यात चूक होणार नाही.

ज्यांना फक्त भांडायचं आहे त्यांनीही जरूर लिहावं. मात्र आधी आकडा, मग भांडण.